जुंपणीच्या शर्यती: नियमभंग आणि निवाडा

१

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर नागोठणे मागे टाकून कोलाडकडे निघाले म्हणजे वाटेत खांब हे गाव लागते. रोहा तालुक्याचा हा भाग भातशेतीचा. पश्चिमेकडील डोंगर ओलांडले म्हणजे अलिबाग-मुरुडचा किनारा येतो. ओहोटीच्या वेळी घट्ट झालेल्या तेथील वाळूवर बैलगाड्यांच्या, तसेच घोडागाड्यांच्या शर्यती लावण्याची चाल जुनी आहे. खांबसारख्या गावातील मंडळींनी भात निघाल्यावर मोकळ्या झालेल्या खाचरांत आज अशी शर्यत भरवावयाचे मनात आणले, तर त्यांना प्रथम अलिबाग येथे जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. हा अर्ज म्हणजे केवळ दफ्तरी उपचार नव्हे. २०११ पासून २०२३ पर्यंत बारा वर्षे चाललेल्या एका न्यायालयीन वादाचे ते फलित आहे. तो वाद शर्यत कोणी जिंकली याचा नव्हता. शर्यतीचे नियम कोणासाठी असतात आणि ते मोडले गेले हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यातील खरा प्रश्न होता.

जनावर गाडीला जुंपून केलेल्या शर्यतीत नियमभंगाची तक्रार उद्भवली असता तिचा निवाडा कसा होतो, निरनिराळ्या समाजांनी त्यासाठी कोणती व्यवस्था निर्माण केली आणि महाराष्ट्रातील व्यवस्थेत कोणती उणीव राहिली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. घोड्याला हलक्या दुचाकी गाडीला जुंपून दौडविण्याच्या ज्या शर्यती अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, स्वीडन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत चालतात व ज्यांना ‘हार्नेस रेसिंग’ म्हणतात, त्यांच्याशी आपल्याकडील बैलगाडा शर्यतींची तुलना येथे केली आहे. दोहोंत जनावर वेगळे, गाडी वेगळी, पैशाचा व्यवहारही वेगळा. तथापि वादाची मुळे पुष्कळ अंशी समान आहेत.

२

जुंपणीच्या शर्यतीतील वाद हा शर्यतीइतकाच प्राचीन असावा. होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याच्या तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनिमित्त झालेल्या रथशर्यतीचे वर्णन आहे. पाण्याने खचलेल्या एका अरुंद जागी अँटिलोकस आपला रथ मेनेलाउसच्या रथाला भिडवून पुढे काढतो. टक्कर होईल या भीतीने मेनेलाउस आपले घोडे आवरतो आणि मागे पडतो. शर्यत संपल्यावर तो जाहीर तक्रार करतो. वळणाच्या खुंटापाशी खरा वृत्तांत सांगण्यासाठी एक वृद्ध निरीक्षक नेमलेला असतो. पण निवाड्याच्या वेळी त्याची साक्ष कोणी काढीत नाही. त्याऐवजी, आपण कपटाने अडथळा केला नाही अशी शपथ घोड्यांना स्पर्श करून घ्यावी, असे आव्हान मेनेलाउस देतो. अँटिलोकस शपथ टाळतो व बक्षिसाची घोडी देऊ करतो; मेनेलाउसही मन मोठे करून ती त्याला परत देतो.

या प्रसंगात निवाड्याचे जवळजवळ सर्व घटक आहेत: नियमभंगाचा आरोप, निरीक्षकाचा अभाव किंवा त्याची निरुपयोगिता, पुराव्याऐवजी शपथ, आणि शेवटी तडजोड. याच्या उलट टोक वाजपेय यज्ञातील आजिधावनात दिसते. त्या विधीत सतरा रथांची शर्यत होते. पण यजमानाचा रथ पुढे राहणार हे विधीनेच ठरलेले असते. जेथे निकाल आधी ठरलेला आहे तेथे तक्रारीला जागाच नाही. ज्या शर्यतीचा निकाल खरोखर अनिश्चित असतो, तिलाच पंचाची आवश्यकता भासते. निकालाची अनिश्चितता हा शर्यतीचा प्राण होय, आणि तीच वादाची जननीही होय.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. शर्यतीतील नियमभंग दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचा भंग प्रतिस्पर्ध्याविरुद्ध असतो: चाकोरी सोडून दुसऱ्याच्या वाटेत शिरणे, निशाणापूर्वी गाडी सोडणे, ठरलेल्या वर्गात न बसणारे जनावर जुंपणे. दुसऱ्या जातीचा भंग जनावराविरुद्ध असतो: पराणीने टोचणे, शेपटी पिरगाळणे, विजेचा धक्का देणे, थकलेल्या वा दुखावलेल्या जनावरास पुन्हा जुंपणे. पहिल्या भंगाने ज्याचे नुकसान होते तो माणूस असतो. तो ओरडतो, हरकत घेतो, पंचांपुढे उभा राहतो. दुसऱ्या भंगाने ज्याचे नुकसान होते त्याला वाचा नाही. शिवाय हा दुसरा भंग करणारा गाडीवान आणि त्याचा प्रतिस्पर्धी या दोघांनीही तोच मार्ग पत्करलेला असेल, तर तक्रार करण्यात कोणाचेच हित नसते. म्हणून तक्रारीवर अवलंबून राहणारी कोणतीही निवाडापद्धती पहिल्या जातीच्या भंगाला पुरी पडते, पण दुसऱ्या जातीच्या भंगाला ती पुरी पडू शकत नाही.

३

हार्नेस रेसिंगमध्ये नियमभंगाचा केंद्रबिंदू वेग हा नसून चाल हा आहे. या शर्यती दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात घोड्याने दुडकी चालीने, म्हणजे समोरासमोरचे कर्णरेषेतील पाय एकदम उचलून धावावयाचे असते. दुसऱ्या प्रकारात एकाच बाजूचे पुढचे व मागचे पाय एकदम पडतात. दोहोंतही घोड्याने चौखूर उधळणे वर्ज्य आहे. परंतु घोडा हा सजीव प्राणी असल्याने घाई, भीती वा थकवा यांमुळे त्याची चाल मोडते. तेव्हा चाल मोडणे हाच अपराध मानला, तर शर्यत चालविणेच अशक्य होईल.

यावर अमेरिकेतील नियमांनी काढलेला तोडगा कायद्याच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. चाल मोडली म्हणून घोडा आपोआप बाद होत नाही. चाल मोडताच गाडीवानाने काय करावे हे नियम सांगतात: मोकळी जागा असल्यास त्याने घोडा बाहेरच्या बाजूला काढला पाहिजे, त्याला पूर्वीच्या चालीवर आणण्याचा खरा प्रयत्न केला पाहिजे, आणि चाल मोडलेली असताना त्याने अंतर गमावले पाहिजे, कमावता कामा नये. ही कर्तव्ये पार पाडली असतील, तर एरवी घोड्याचा क्रम कायम राहतो. अपवाद एवढाच की, अंतिम रेषेवर चाल मोडलेल्या घोड्याच्या मागच्या भागाशी चालीवर असलेला दुसरा घोडा भिडलेला असेल, तर मोडलेल्या घोड्यास त्याच्या मागे टाकतात. अशा रीतीने अपराध जनावराच्या स्वाभाविक स्खलनात न मानता माणसाच्या वर्तनात मानला आहे. परंतु यामुळेच वाद वाढतात. चाल मोडली की नाही हे डोळ्यांना दिसते. ‘खरा प्रयत्न’ केला की नाही, बाहेर ‘मोकळी जागा’ होती की नाही, हे मात्र ठरवावे लागते. ठरविणे आले तेथे मतभेद आला.

वाद निवाड्याने मिटविण्यापूर्वी ते उद्भवूच नयेत अशी तजवीज करणे, हा दुसरा मार्ग होय. आरंभाची गोष्ट घ्यावी. पूर्वी गाड्या चालत्या स्थितीत रेषेकडे येत आणि पंचास त्या समरेषेत वाटल्या नाहीत, तर सर्वांस परत बोलावीत; असे कित्येकदा होई आणि प्रत्येक वेळी नवी तक्रार निघे. १९४६ मध्ये न्यूयॉर्कजवळील रूझवेल्ट मैदानावर स्टीफन फिलिप्स यांनी मोटारीवर बसविलेले फिरते फाटक आणले. मोटार पुढे धावते, तिच्या पसरलेल्या पंखांमागे घोडे एका रेषेत येतात, आणि रेषेपाशी पंख मिटवून मोटार वेगाने निघून जाते. या एका साधनाने आरंभाविषयीच्या वादांचा मोठा भाग नाहीसा झाला. पंचांचे अधिकार वाढविण्यापेक्षा मैदानाची रचना सुधारणे कधीकधी अधिक गुणकारी ठरते, असा याचा बोध आहे.

तिसरी गोष्ट संघटनेची. १८७० मध्ये अमेरिकेत दुडकीच्या शर्यती भरविणाऱ्या मैदानांचे राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. लबाडीस आळा घालणे हा त्याचा प्रधान हेतू होता. एका मैदानाने बाद केलेला माणूस वा घोडा दुसऱ्या मैदानावर धावू नये, हे त्याचे मुख्य तत्त्व. शिक्षेची खरी धार तिच्या कठोरपणात नसून ती सर्वत्र मानली जाण्यात आहे. पुढे १९३९ च्या सुमारास अनेक मंडळे एकत्र येऊन एकच ट्रॉटिंग असोसिएशन झाली व नियमांस एकरूपता आली.

चौथी गोष्ट अंतिमतेची. जेथे निकालावर पैसा लागतो तेथे निवाडा लवकर झाला पाहिजे. म्हणून गाड्या रेषा ओलांडताच फलकावरील क्रम तात्पुरता समजतात. हरकत आली अथवा पंचांनी स्वतःहून चौकशी पुकारली, तर चित्रण पाहून निर्णय देतात. आणि निकाल ‘अधिकृत’ असे एकदा जाहीर झाले की पैज लावणाऱ्यांचे देणे-घेणे कायम होते. नंतर अपिलात अथवा औषधाच्या तपासणीत घोडा बाद ठरला, तर बक्षिसाची रक्कम बदलते. पैजेचे पैसे परत फिरत नाहीत. येथे सत्य आणि अंतिमता ही दोन मूल्ये जाणूनबुजून वेगळी केली आहेत. प्रेक्षकाला अंतिमता हवी, घोड्याच्या मालकाला सत्य हवे. दोघांनाही आपापला वाटा मिळतो.

४

मैदानावरील पंचांचा निर्णय न्यायालयात नेता येतो काय, या प्रश्नावर परदेशांत महत्त्वाचे निर्णय झाले आहेत. ते घोड्यांच्या अन्य शर्यतींसंबंधी वा कुत्र्यांच्या शर्यतींसंबंधी असले, तरी तत्त्व सर्वांना सारखेच लागू पडते.

१९७२ च्या स्टॉलरी खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने न्यू साउथ वेल्समधील ग्रेहाउंड शर्यतींच्या मंडळाचा निर्णय रद्द केला. ज्या व्यवस्थापकाने स्टॉलरीविरुद्ध तक्रार केली होती, तोच त्या मंडळाचा सभासद होता, आणि मंडळ विचारविनिमय करीत असताना तो खोलीतच बसून राहिला. त्याने चर्चेत भाग घेतला की नाही याला महत्त्व नव्हते. त्याची केवळ उपस्थितीही निर्णय दूषित करण्यास पुरेशी ठरली. स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, या नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाचे हे सरळ उपयोजन होय.

१९७९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकालात काढलेले कॅल्विन विरुद्ध कार हे प्रकरण निराळ्या दिशेचे आहे. १९७६ मध्ये सिडनीच्या रँडविक मैदानावर ‘काउंट मेयो’ हा घोडा अपेक्षेप्रमाणे धावला नाही. घोडा त्याच्या पूर्ण सामर्थ्याने दौडविला नाही असा ठपका आला व त्याचा एक मालक कॅल्विन यास एका वर्षासाठी अपात्र ठरविण्यात आले. मैदानावरील चौकशीत आपल्यास न्याय मिळाला नाही, अशी त्याची तक्रार होती. प्रिव्ही कौन्सिलने असे ठरविले की, प्राथमिक चौकशीत दोष राहिला असला तरी नंतरच्या अपिलात पूर्ण व निष्पक्ष सुनावणी झाली असेल, तर एकंदर प्रक्रिया न्याय्य मानावी. शर्यतीच्या संस्थेत सामील होणारा माणूस तिची त्वरित चौकशी पत्करूनच सामील झालेला असतो. मैदानावर न्यायालयाचा सावकाश विधी चालणार नाही. परंतु वरच्या पायरीवर तरी चुकीची दुरुस्ती व्हावयास हवी, असा या निर्णयाचा मथितार्थ.

तिसरा निर्णय इंग्लंडमधील अपील न्यायालयाचा, १९९२ चा. १९८९ च्या ओक्स शर्यतीत प्रथम आलेली आगाखान यांची ‘अलायसा’ ही घोडी रासायनिक तपासणीनंतर अपात्र ठरली. जॉकी क्लबची सत्ता मोठी असली तरी ती करारातून आलेली आहे, शासनातून नव्हे. तेव्हा सार्वजनिक कायद्याच्या मार्गाने तिचे परीक्षण करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या तिन्ही निर्णयांमागे एक समान गृहीतक आहे: वाद शर्यतीत स्वेच्छेने उतरलेल्या माणसांमधला आहे. त्यांनी नियम मान्य केले, पंच मान्य केले. म्हणून न्यायालय बाहेर उभे राहते आणि फक्त पंच निष्पक्ष होते काय, दुसरी बाजू ऐकली काय, एवढेच पाहते. पण जनावराने कोणताही करार केलेला नाही. त्याच्याविरुद्धचा भंग हा संस्थेचा घरगुती प्रश्न आहे, असे म्हणता येत नाही. महाराष्ट्रातील वाद नेमका येथून निघाला.

५

महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतींची रीत प्रदेशपरत्वे बदलते आणि रीतीप्रमाणे वादही बदलतात. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांत घाटात एकेक बारी सोडतात. गाडा एकटाच धावतो व घड्याळाशी झुंजतो. विदर्भातील शंकरपटातही सेकंदांना महत्त्व असते. अशा शर्यतीत दुसऱ्याची वाट अडविण्याचा प्रश्न नसतो; वाद होतो तो घड्याळ केव्हा चालू झाले व केव्हा थांबले याचा. सातारा-सांगलीकडे अनेक गाड्या शेजारशेजारच्या चाकोऱ्यांतून एकदम सुटतात. गटातून उपांत्य व अंतिम फेरीत जातात. तेथे चाकोरी सोडणे, दुसऱ्यास दाबणे आणि निशाणापाशी कोणाचे बैल पुढे होते, हे वादाचे विषय. रायगडच्या किनाऱ्यावर आणखी एक बंधन असते: भरतीचे पाणी चढू लागले की मैदानच आकसते. हुज्जत लांबविण्यास तेथे निसर्गच सवड देत नाही.

या वादांचा निवाडा गावाने नेमलेले पंच करतात. त्यांचे बळ लिखित नियमांत नसून गावातील त्यांच्या वजनात असते. निवाडा तोंडी, तत्काळ आणि सर्वांसमक्ष होतो. अशा पंचायतीचे गुण नाकारता येणार नाहीत: खर्च नाही, विलंब नाही, आणि निकाल देणारा माणूस ओळखीचा असल्याने त्याला लोकलज्जेचे बंधन असते. दोषही तितकेच स्पष्ट आहेत. पंच आणि आयोजक, पंच आणि एखाद्या जोडीचे मालक यांचे नातेसंबंध असण्याचा संभव असतो. स्टॉलरी खटल्यातील कसोटी लावली, तर पुष्कळ निवाडे डळमळतील. निर्णय लिहिला जात नाही, म्हणून पुढच्या खेपेस तो दाखला होत नाही. एका गावाने बाद केलेला गाडीवान दुसऱ्या गावच्या शर्यतीत उतरू लागला, तर त्याला अडविण्यास सामायिक नोंद नसते. १८७० पूर्वीच्या अमेरिकेतील मैदानांची अडचण याच जातीची होती.

परंतु सर्वांत मोठी उणीव ही नव्हे. पंचांचे लक्ष स्वाभाविकपणे पहिल्या जातीच्या भंगाकडे लागलेले असते, कारण त्याचीच तक्रार त्यांच्यापुढे येते. चाकोरी सोडणारा बाद होतो. पराणी चालविणाऱ्याविरुद्ध बोलण्यास कोणी पुढे येत नाही. गावच्या व्यवस्थेत हा दुसरा भंग जणू भंगच नव्हता.

६

कायद्याच्या पुस्तकात मात्र तो होता. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे जनावरास मारणे, लाथाडणे, त्याच्या शक्तीबाहेर हाकणे वा यातना देणे हा अपराध आहे. त्यासाठी सांगितलेला दंड पहिल्या अपराधास १० ते ५० रुपये. शर्यतीच्या बक्षिसाशी तुलना करता हा दंड जवळजवळ नाममात्र होता. याच अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्राण्यांना प्रदर्शनासाठी शिकविणे वा खेळविणे निषिद्ध होते. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या यादीत बैलवर्गीय नराची भर घातली. २४ ऑगस्ट २०११ रोजी महाराष्ट्र शासनाने त्यास अनुसरून बैलगाडा शर्यती बंद केल्या व १२ मार्च २०१२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी उचलून धरली. अधिसूचनेत घोड्याचा समावेश नव्हता. परिणामी, एकाच किनाऱ्यावर धावणाऱ्या बैलगाडी व घोडागाडी यांना कलम ११ समान लागू असले, तरी कलम २२ ची बंदी एकीलाच लागू झाली.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राणी कल्याण मंडळ विरुद्ध नागराज या प्रकरणात तमिळनाडूतील जल्लिकट्टू व महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोन्ही बेकायदा ठरविल्या. बैल हा ओझे ओढणारा प्राणी आहे, त्याची शरीररचना धावण्याच्या स्पर्धेसाठी नाही, असे न्यायालयाने म्हटले. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने नवी अधिसूचना काढून बैलगाड्यांसाठी दोन किलोमीटरपर्यंतच्या धावपट्टीची अट घालून सवलत दिली. पाच दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. त्यानंतर २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने केंद्रीय अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती केली, तीस राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि त्याच वर्षी शर्यतींचे नियमही झाले. तरीही उच्च न्यायालयाच्या मनाई आदेशामुळे शर्यती सुरू झाल्या नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये हा प्रश्न घटनापीठाकडे गेला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निर्णय होईपर्यंत महाराष्ट्रात शर्यतींस मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

हा शेवटचा निर्णय बैलगाडा मालकांचा विजय म्हणून सर्वत्र सांगितला गेला. तो तसा आहेही. परंतु त्याचा आधार काय, हे दृष्टीआड करून चालणार नाही. क्रूरता अस्तित्वातच नव्हती, असे घटनापीठाने म्हटले नाही. दुरुस्त अधिनियम व त्याखालील नियम एकत्र वाचले असता जनावराचे क्लेश पुष्कळ प्रमाणात कमी होतात, म्हणून २०१४ साली ज्या स्वरूपातील खेळ बेकायदा ठरला होता त्याच स्वरूपातील हा खेळ उरलेला नाही, असे त्याचे म्हणणे. आणि म्हणूनच नियमांची कडक अंमलबजावणी झालीच पाहिजे व तीस जिल्हा दंडाधिकारी आणि सक्षम अधिकारी जबाबदार राहतील, असा आदेशही त्याच निर्णयात आहे. तात्पर्य, शर्यतीची वैधता कागदावरच्या नियमांनी मिळाली आहे. ती टिकणे मैदानावरच्या पालनावर अवलंबून आहे.

७

२०१७ च्या नियमांची रचना वर सांगितलेल्या भेदाच्या प्रकाशात वाचावी. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, ५० हजार रुपयांची अनामत, एक हजार मीटरहून अधिक नसलेली धाव, बैल धडधाकट असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र, गाडीवानाजवळ काठी, चाबूक वा विजेचा धक्का देणारे साधन नसणे, शर्यतीचे चित्रीकरण करून ते प्रशासनास सादर करणे — या सर्व अटी दुसऱ्या जातीच्या भंगासंबंधी आहेत. दुरुस्त अधिनियमात शिक्षाही पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास अशी आहे. पूर्वीच्या ५० रुपयांशी तिची तुलना केली म्हणजे दृष्टिकोनातील अंतर लक्षात येते. तक्रार करणारा कोणी नसतो, हे ओळखून येथे तक्रारीची वाट पाहिलेली नाही. तपासणी आधी होते आणि पुरावा आपोआप तयार होतो.

तरीही एक फट राहिली आहे. चाकोरी सोडल्याचा निवाडा पंच करतात व त्याचा परिणाम निकालावर तत्काळ होतो. पराणी वापरल्याचा निवाडा शासनाकडे जातो व त्याचा परिणाम, झालाच तर, पुष्कळ दिवसांनी होतो. दरम्यान बक्षीस वाटून झालेले असते, जिंकलेल्या बैलाची किंमत वाढलेली असते. पहिला नियम मोडल्यास शर्यत हरते, दुसरा मोडल्यास फक्त खटल्याचा धोका पत्करावा लागतो. अशा स्थितीत गाडीवानाचे हित कोणत्या बाजूस झुकेल, हे सांगण्यास मानसशास्त्राची गरज नाही.

परदेशांतही हाच प्रश्न दीर्घकाळ अनिर्णीत राहिला. घोड्याला मर्यादेपेक्षा अधिक फटके मारल्यास स्वारास दंड वा बंदी होई. पण घोड्याचा क्रमांक कायम राही. म्हणजे नियम मोडूनही शर्यत जिंकता येत असे. ब्रिटनमध्ये २०२३ पासून हा क्रम बदलला. सपाट मैदानावरील शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटके ही मर्यादा ठरली, आणि मर्यादेपेक्षा चार वा अधिक फटके मारल्यास घोडाच बाद करावा, असे ठरले. क्रौर्याचा भंग निकालाशी जोडला गेला. मालकाला, प्रशिक्षकाला आणि स्वाराला एकाच वेळी त्याची झळ लागते. त्यामुळे स्वारावर लक्ष ठेवण्याचे काम मालकच करू लागतो. मुख्य म्हणजे, प्रतिस्पर्ध्यालाही हरकत घेण्यात हित निर्माण होते. मुक्या जनावराला जी तक्रार करता येत नाही, ती मागे पडलेला माणूस स्वतःच्या लाभासाठी करतो.

हेच तत्त्व गावच्या पंचायतीस स्वीकारता येण्याजोगे आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. शर्यतीपूर्वी वाचून दाखविण्याच्या नियमांत एका वाक्याची भर पुरे: ज्या गाडीवानाजवळ वर्ज्य साधन आढळेल त्याची जोडी त्या शर्यतीतून बाद समजावी. याला तीन गोष्टींची जोड हवी. धावणाऱ्या जोडीशी वा आयोजकाशी संबंध असलेल्या माणसाने त्या जोडीपुरते पंचपद सोडावे. बाद करण्याचा निर्णय कारणासह दोन ओळींत लिहून ठेवावा. आणि त्या नोंदी शेजारच्या गावांच्या मंडळांनी परस्परांस कळवाव्यात. चित्रीकरण नियमाने करावयाचेच आहे. ते पंधरा दिवसांनी दफ्तरात पाठविण्यापूर्वी पंचांनी जागेवर पाहावे, एवढेच.

८

शर्यतीतील तंट्यांच्या या इतिहासातून एक सामान्य सिद्धांत निघतो. ज्या समाजघटकाने आपले सर्व नियम स्वतः अमलात आणले, त्याच्या कारभारात न्यायालयाने क्वचितच हात घातला. घातला तरी तो कार्यपद्धतीपुरता. ज्याने निम्मे नियम अमलात आणले आणि निम्मे सोडून दिले, त्याच्यावर बाहेरची सत्ता आली. आणि ती आली ती दुरुस्ती म्हणून नव्हे, तर सरसकट बंदी म्हणून. न्यायालयाच्या हाती निवडक उपाय नव्हते: कोणत्या गावी पराणी चालली आणि कोणत्या गावी नाही, याची नोंदच नसल्यामुळे दोघांनाही एकच आदेश लागू झाला. निष्काळजी गावाबरोबर जपून वागणारे गावही बंद झाले. नोंद नसणे हे सज्जनाचे सर्वांत मोठे नुकसान होय.

खांबच्या खाचरांत किंवा अलिबागच्या वाळूवर उद्या निशाण पडेल, तेव्हा पंचांच्या डोळ्यांसमोर दोन चाकोऱ्या असाव्यात. एक, मैदानावर आखलेली, जी सोडल्यास शेजारचा गाडीवान ओरडतो. दुसरी, जोडीच्या पाठीवर आखलेली, जी सोडल्यास कोणी ओरडत नाही. २०२३ चा निर्णय या दुसऱ्या चाकोरीच्या भरवशावर दिलेला आहे. तिचे रक्षण पंचांनी केले, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातील परवानगी हा उपचार ठरेल; न केले, तर पुढचा वाद पंचांपुढे येणार नाही, तो पुन्हा न्यायालयापुढे जाईल, आणि तेथे प्रश्न कोण जिंकले हा नसून शर्यत असावी की नसावी हा असेल.